रिकामं म्हणजे शून्य नव्हे

पाणी तपासणी खात्यात तिला सगळे जोडणीबाई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. कशालाही कशाशी जोडून दाखवण्याबद्दल ती प्रसिद्ध होती, आणि जोडायला दिलेला माल पाहिला तर तिच्या जागी दुसरा कोणी डोकं धरून बसला असता. प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र होतं, ते मनात येईल तेव्हा एक फाइल ओकायचं. नमुने गोळा करणाऱ्यांच्या वह्यांवरून भरलेल्या एक्सेलच्या शीट होत्या, त्यांत कोणी तारीख आधी लिहायचं तर कोणी महिना. तीन उपकेंद्रांत तीन तऱ्हेची सॉफ्टवेअरं होती आणि त्यांचं एकमेकांशी सवतींइतकंही पटत नव्हतं.

या सगळ्यांचे आकडे उचलायचे, निवडायचे, एका मापात आणायचे आणि क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये नेऊन टाकायचे, हे तिचं काम. वेअरहाउस म्हणजे आकड्यांचं गोदाम. ते कुठल्या इमारतीत आहे हे खात्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल बोलताना सगळे छताकडे बोट दाखवायचे. आणि इथून तिथवर माल वाहणारं जे यंत्रमानवासारखं सॉफ्टवेअर असतं, त्याला म्हणायचं इंटिग्रेशन फ्रेमवर्क. ते आज्ञाधारक असतं. सांगाल तेवढंच करतं, आणि चुकीचं सांगितलंत तर तेही तितक्याच इमानानं करतं.

चार महिने तिनं त्यात घातले. गोदामाचं दार पासवर्डनं उघडत नव्हतं, त्याला किल्ल्यांची जोडी लागायची, एक इथे आणि एक तिथे. ती जोडी जुळवण्यातच आठ दिवस गेले. पण अखेर जुळलं. आता शहरातल्या अठराशे नळांचे आकडे रोज आपोआप गोदामात जात होते, आणि तिथून तिनंच बांधलेल्या एका पानावर दिसत होते. पाण्यात किती जंतू सापडले, ते नळागणिक. शून्य म्हणजे उत्तम. सगळ्यात स्वच्छ ठिकाण सगळ्यात वर. गुरुवारी सकाळी अकराला पानाचं उद्घाटन होतं, पण चाचणी म्हणून ते आठवडाभर आधीच, लिंक असेल त्यांच्यापुरतं, उघडं ठेवलं होतं, आणि अशा गोष्टी लोकांना सांगाव्या लागत नाहीत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नणंदेचा फोन आला.

"वहिनी, बघितलंस का? आमची वसाहत पहिली! अख्ख्या शहरात पहिली! शून्य जंतू!"

"बघितलं गं."

"बघितलं काय, नीट खूश तरी हो! सेक्रेटरींनी यादी छापून लिफ्टमध्ये चिकटवलीय. मी तर पाणी उकळायचं बंदच करून टाकलं. दिवसातून चार वेळा पातेलं चढवा, गार करा, गाळा, माझे हात मोडायला आले होते."

"बाळाचं पाणीसुद्धा?"

"सगळंच. तुमच्याच खात्यानं सांगितलंय की! तुझ्यावर विश्वास नको ठेवू का?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत नणंदेनं तिच्या स्वयंपाकावर, कपड्यांवर, गाडी चालवण्यावर आणि नवऱ्याच्या वाढत्या पोटावर पुष्कळ मतं दिली होती, पण विश्वास हा शब्द पहिल्यांदाच आला. जोडणीबाईला नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

"फक्त दोन दिवस तिचं पोट जरा बिघडलंय," नणंद पुढे म्हणाली. "दात येतायत बहुतेक."

"पाचव्या महिन्यात?"

"आमच्या घराण्यात लवकर येतात," नणंदेनं ठणकावून सांगितलं. म्हणजे तुमच्यात येत नसतील, हे न बोलता.

फोन ठेवून ती व्हरांड्यात आली तेव्हा बाटलीकाका रिकाम्या बाटल्या परत करत होते. तीस वर्षं ते शहरभर फिरून नळांचे नमुने घेत आले होते. खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत निर्जंतुक बाटल्या, खिशात वही. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे उरलं नव्हतं.

"काका, तुमच्या नमुन्यांमुळे माझ्या नणंदेची वसाहत पहिली आली, कळलं का?"

"कुठली वसाहत?"

"टेकडीखालची. दोन फाटकांची."

काकांनी पेटी खाली ठेवली. हसले नाहीत. "तिथं मी पाच महिन्यांत पाऊल टाकलेलं नाही, बाई."

"म्हणजे?"

"पहारेकरी आत सोडत नाही. म्हणतो, सेक्रेटरीची चिठ्ठी आणा. सेक्रेटरी म्हणतो, खात्याचं पत्र आणा. खात्यात पत्र मागायला गेलो तर साहेब म्हणतात, पुढे बघू. दर महिन्याला जातो आणि फाटकाला हात लावून परत येतो."

"मग वहीत काय लिहिता?"

"आडवी रेघ. आम्ही सगळेच रेघ मारतो, माझ्या आधीचेही मारायचे. रेघ म्हणजे गेलो होतो, नमुना मिळाला नाही."

वहीतली रेघ एक्सेलमध्ये भरणाऱ्या मुली तो रकाना रिकामा सोडायच्या, कारण आकड्याच्या रकान्यात रेघ घेतली जात नव्हती. एवढं तिला माहीत होतं. रिकाम्या रकान्याचं पुढे काय व्हायचं, हेही तिला माहीत होतं, आणि तेच आठवत ती जवळजवळ पळतच जागेवर आली.

गोदामातलं कोष्टक बांधताना साहेबांनी अट घातली होती की एकही रकाना रिकामा चालणार नाही. रिकामे रकाने दिसले की वरचे प्रश्न विचारतात, असं त्यांचं म्हणणं. कोष्टक तसंच बांधलं गेलं. फ्रेमवर्क आकडे पाचशे-पाचशेच्या गठ्ठ्यानं पाठवायचं, आणि गठ्ठ्यात एक जरी रिकामा रकाना असला तरी गोदाम अख्खा गठ्ठा तोंडावर फेकून परत पाठवायचं. तीन दिवस ती त्या परत आलेल्या गठ्ठ्यांशी झगडत होती. चौथ्या दिवशी आठवडी आढावा होता, साहेब दर तासाला येऊन "पोचले का?" विचारत होते, आणि वैतागून तिनं एक ओळ लिहिली. गठ्ठे सरसर पोचले. साहेबांनी पाठ थोपटली.

ती ओळ आता तिनं शोधून काढली. आकडा रिकामा असेल तर शून्य लिही, एवढंच त्यात होतं. शेजारी तिनंच टीप टाकली होती: तात्पुरतं आहे, नंतर नीट करणे.

या धंद्यातल्या माणसांची ही खास खोड आहे. तात्पुरतं लिहिलं की त्यांना काम झाल्यासारखंच वाटतं. तिनं ती ओळ लिहिली, चहा प्यायली आणि विसरली, त्याला तीन महिने होऊन गेले होते. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात ही चूक बांधायला जागा नव्हती. टिपेखाली तिचंच नाव होतं.

तिनं मोजून पाहिलं. पाच महिन्यांत ज्यांच्या वाट्याला एकही तपासणी आली नाही, नुसत्या रेघाच आल्या, अशी सदतीस ठिकाणं निघाली. पानावरच्या यादीतली पहिली सदतीस ठिकाणं तीच होती. जिथे खात्याचा माणूस पोचलाच नाही, ती ठिकाणं शहरात सगळ्यात शुद्ध ठरली होती. पंधरा पहारा असलेल्या वसाहतींची होती. बाकीची बहुतेक अशा वस्त्यांची, जिथवर खात्याची गाडी जात नाही. एक शाळा होती, तिचा नळ कुलूपबंद आवारात.

ती उठली आणि साहेबांकडे गेली.

साहेबांना खात्यात मागून सगळे पुढेबघू म्हणत. माणूस वाईट नव्हता. वाढदिवस लक्षात ठेवायचा, आजारपणात रजा द्यायचा. फक्त कुठलीही अडचण समोर आली की तिला हळूच उचलून पुढच्या महिन्यात नेऊन ठेवायची, अशी त्याची रीत होती, आणि पुढच्या महिन्यात अडचण ओळख दाखवत नसे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सदतीस ना? एकूण किती?"

"अठराशे."

"म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांसाठी उद्घाटन थांबवायचं? गुरुवार पार पडू दे, पुढे बघू."

"साहेब, गुरुवारी तुम्ही जाहीर करणार आहात की पहिल्या पन्नास ठिकाणांची तपासणी आता वर्षातून एकदाच. मग पुढे काय बघणार? बघायला कोणी जाणारच नाही तिथं."

"अहो, पण रिकामं कसं दाखवायचं? वरच्या बाई विचारतील, रिकामं का? मी काय सांगू?"

"आम्ही गेलो नाही, असं सांगा."

साहेब चष्मा पुसत राहिले. मग अगदी मायेनं म्हणाले, "तुमचा करार या महिनाअखेरीस संपतोय ना? मी शिफारस लिहायला घेतलीय. चांगली लिहितोय."

तिला कळलं. न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी ती मूग गिळून बसली. तिला नोकरी हवी होती. या शहरात फ्रेमवर्क गोदामाला जोडणाऱ्या बायकांसाठी कोणी पायघड्या घालून बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नणंदेला फोन लावला.

"छोटी, पाणी उकळून देत जा बाळाला. आजपासूनच."

"का गं? काय झालं?"

पाइपलाइनचं काम चाललंय म्हणून. सांगायला हे सोपं होतं, जिभेवर तयारही होतं. नणंदेपुढे तिनं नऊ वर्षांत एकदाही माघार घेतली नव्हती. साध्या मिठाच्या प्रमाणावरून दोघींचं आठ-आठ दिवस चालायचं. आता मात्र तिनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं.

"तुमचं पाणी कोणी तपासलेलंच नाही. तिथं आकडाच नव्हता. मी शून्य घातलं. चूक माझी आहे."

पलीकडून आवाज येईना. जोडणीबाई वाट पाहत राहिली. आता बोलणी बसतील, मग ती रडेल, मग भावाला फोन जाईल, असा तिचा हिशेब होता.

"गॅसवर ठेवलं," नणंद म्हणाली. मधल्या काळात ती स्वयंपाकघरात गेली होती. "डॉक्टरकडेही नेते संध्याकाळी. आता एक सांग मला. किती ठिकाणी घातलंस असं शून्य?"

"सदतीस."

"आणि फोन किती ठिकाणी केलास?"

"तुलाच."

"वा!" नणंद म्हणाली. "म्हणजे मामी आहे म्हणून माझ्या पोरीला उकळलेलं पाणी, आणि ज्यांची मामी तुमच्या खात्यात नाही त्यांनी काय करायचं?"

"साहेब म्हणाले, गुरुवारनंतर…"

"तुझ्या साहेबांना घाल चुलीत. नऊ वर्षं मला तोंडावर बोलतेस, आपण कोणाची सून, कोणाची बायको हे बघत नाहीस. तिथंच कशी गं बोबडी वळते तुझी?"

नणंदेनं फोन आपटला. तिच्या बोलण्याचा राग यायला हवा होता, सवयीनं आलाही थोडा. पण कान मात्र लाल झाले होते, आणि ते रागानं नव्हे.

बुधवारी सकाळी ती कामावर आली, पर्स टेबलाच्या खणात टाकली आणि बाह्या सरसावून बसली. पहिल्यांदा ती ओळ काढून टाकली. ओळ काढली की गठ्ठे पुन्हा परत येणार, तेव्हा तिनं फ्रेमवर्कच्या वाटेला दोन फाटे फोडले. आकडा असलेल्या नोंदी एका फाट्यानं नेहमीच्या कोष्टकात. रेघवाल्या नोंदी दुसऱ्या फाट्यानं एका नव्या कोष्टकात, आणि त्याला तिनं नाव दिलं 'न तपासलेले'. मग गोदामात आधी जाऊन बसलेली सगळी खोटी शून्यं तिनं एकेक करून नव्हे, एका फटक्यात पुसली. ती तिनंच घातली होती, म्हणून पुसायचा अधिकारही तिचाच होता. पानावर ही सदतीस ठिकाणं तिनं राखाडी रंगात सगळ्यात वर आणली आणि प्रत्येकासमोर लिहिलं: तपासणी झालेली नाही. पाणी उकळून प्या.

बदल केला की फ्रेमवर्क विचारतं, काय बदललं आणि का. तिनं लिहिलं, "खोटं शून्य काढलं. ते माझ्यामुळे शिरलं होतं." खाली नाव आपोआप आलं.

तीन वाजता तिनं साहेबांना हे सगळं सविस्तर मेलनं कळवलं. लपूनछपून करायचं नव्हतं. साहेबांनी मेल उघडला नाही. लांबलचक मेल ते पुढे बघत असत.

गुरुवारी अकराला सभागृह भरलं. लांब टेबलाच्या टोकाला खात्याच्या प्रमुख, ज्यांना सगळे वरच्या बाई म्हणत. मग तीन उपकेंद्रांचे तीन प्रमुख, प्रसिद्धी अधिकारी, साहेब, आणि कडेला लॅपटॉप घेऊन ती. प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली ठेवलेली होती. पाणी खात्याची बैठक, आणि नळाच्या पाण्याचा एक तांब्या टेबलावर नव्हता! तिला हे आजवर कधी खटकलं नव्हतं.

साहेबांनी दोन शब्द म्हणत म्हणत दोनशे बोलून घेतले आणि पडद्याकडे हात केला. पान उघडलं. वरपासून खालपर्यंत राखाडी.

"हे काय आहे?" वरच्या बाईंनी विचारलं.

"काही तरी तांत्रिक दिसतंय," साहेब म्हणाले. मग तिच्याकडे वळून, दातांमधून, "हे काय केलंत? आधीचं आणा परत. आत्ताच्या आत्ता."

"नाही आणणार," ती म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"बाई," ती प्रमुखांकडे पाहून म्हणाली, "आधी जे वर दिसत होतं ते खोटं होतं. या सदतीस ठिकाणी पाच महिने तपासणीच झाली नाही. रिकामं होतं तिथं मी शून्य भरलं. चूक माझी, आणि कालच मी ती काढलीय."

"आज नाही तर उद्या होईल तपासणी," साहेब घाईनं म्हणाले. "आजपुरती ती ओळ परत टाका. हा माझा आदेश आहे."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिनं लॉगआउट केलं. पडद्यावर फ्रेमवर्कची, नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली. वायरलेस कीबोर्ड उचलून तिनं साहेबांपुढे ठेवला. "एकच ओळ आहे. मी सांगते, तुम्ही टाइप करा. फक्त लॉगिन तुमचं. कुठली ओळ कोणी लिहिली हे नावानिशी राहतं इथं, कायमचं. माझं नाव त्या ओळीवर एकदा लागलंय. दुसऱ्यांदा लावणार नाही."

साहेबांनी कीबोर्डकडे पाहिलं. तीन महिन्यांत त्यांनी एकदाही लॉगिन केलेलं नव्हतं, पासवर्ड आठवत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांनी तसं सांगितलं नाही. त्यांनी कीबोर्ड दोन बोटांनी सरकवून शेजारच्या उपकेंद्र प्रमुखांपुढे ढकलला. "तुम्ही करा हो, तुम्हाला येतं."

"मला? छे, हे मुख्यालयाचं काम." कीबोर्ड दुसऱ्यांकडे गेला. दुसऱ्यांनी तो हातही न लावता कोपरानं पुढे सारला. तिसऱ्यांना नेमका त्याच वेळी खोकला आला. प्रसिद्धी अधिकारी म्हणाले, "माझ्याकडे लॉगिनच नाही," आणि आयुष्यात एखादी गोष्ट आपल्याकडे नसल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नसावा. असा फिरत फिरत कीबोर्ड वरच्या बाईंपुढे येऊन थांबला. त्यांनी त्याला स्पर्श केला नाही.

"कुठली सदतीस?" त्यांनी विचारलं.

तिनं कागद काढला आणि उभं राहून वाचायला लागली. आवाज आधी बारीक निघाला, मग तिचा तिलाच राग आला आणि ती खणखणीत वाचू लागली.

"टेकडीखालची दोन फाटकांची वसाहत. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही. पाच महिने, पाच रेघा. कालव्यालगतची गुलाबी इमारत. पहारेकऱ्यानं सोडलं नाही. पाच रेघा. जुन्या टाकीमागचे चार मनोरे…"

"थांबा," साहेब म्हणाले. "आमचे मनोरे? आमचं तर शून्य होतं. मी स्वतः पाहिलं. आम्ही घरचा फिल्टरसुद्धा काढून…"

"ते माझं शून्य होतं, साहेब. तुमच्या पाण्याचं नव्हतं."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना नातू होता, फोटो सगळ्यांना दाखवून झाले होते. जोडणीबाईला क्षणभर त्यांची कीव आली, आणि ती पुढची नावं वाचत गेली, पंधराव्यापर्यंत.

"न्यायालयामागचे बंगले. दोन ते अठरा क्रमांक."

वरच्या बाईंनी मान वर केली. त्या चौदा क्रमांकात राहायच्या. "बंगल्यांत कोण अडवतं तुमच्या माणसाला?"

"तुमचाच पहारेकरी, बाई."

तोवर साहेब उठून खिडकीशी गेले होते आणि फोनवर हलक्या आवाजात सांगत होते, "अगं, उकळून दे त्याला. हो, आत्तापासून. कारण नको विचारूस, उकळून दे." त्यांना पाहून दोन उपकेंद्र प्रमुख खुर्च्या मागे सारून उठले. एकाची वसाहत वाचून झाली होती, दुसऱ्याची यादीत नव्हतीच, पण तोही थांबायला तयार नव्हता. प्रसिद्धी अधिकारी फोन काढून दाराकडे निघाले. बघता बघता सभागृहाचा फोनबूथ झाला. सगळे खालच्या आवाजात एकच वाक्य बोलत होते, आपापल्या घरी.

तिच्या हातातला कागद अजून अर्धाही झाला नव्हता. आता ती शाळा येणार होती. मग रस्ता संपतो तिथली वस्ती, मग खडीच्या खाणीमागच्या चाळीस खोल्या, मग बाकीच्या, जिथे खात्याची गाडी जात नाही.

"बसा," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. तिनं कागद टेबलावर आपटला. आयुष्यात पहिल्यांदाच ती वरिष्ठांवर ओरडली आणि ओरडताना तिला अजिबात भीती वाटली नाही.

"बसा सगळे! तुमची घरं झाली वाचून. अजून बावीस राहिलीत, आणि त्यांच्या घरी फोन करायला या खोलीत कोणी नाही."

साहेबांच्या हातातला फोन तसाच राहिला. एकेक करून माणसं परत खुर्चीत बसली. वरच्या बाईंनी पुढ्यातला कीबोर्ड उचलून तिच्याकडे परत दिला. तिनं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, पान सगळ्या शहरासाठी खुलं केलं, आणि सोळाव्या ठिकाणापासून मोठ्यानं वाचायला लागली.